पोटात कावळे, उंदीर की मांजरं? रोजच्या बोलण्यातली चित्रं

रामबागेतली

पुण्याकडे कुणी "पोटात कावळे ओरडतायत" म्हटलं की समोरचा सरळ ताट वाढायला घेतो. कावळे कुणाला दिसत नाहीत. इंदुरात ते दिसतात, कारण आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारीण विचारते, "कौवे? हमारे यहाँ तो चूहे दौड़ते हैं!" मग दोघींनाही आपण काय बोललो ते पहिल्यांदाच डोळ्यांपुढे येतं. दोन भाषा रोज एकाच जिन्यात भेटल्या की गुळगुळीत झालेल्या शब्दांमागचं चित्र पुन्हा वर येतं. ही मला आपल्या इंदुरी मराठीची मोठी कमाई वाटते, म्हणून हा धागा काढतेय.

यंदा आमच्या कॉलनीच्या गणपतीत मुलांना काही वाक्प्रचार दिले. अर्थ सांगितला नाही. जे ऐकू येतंय तेच काढा, एवढंच. मुलं मराठी घरांतली, पण शाळा हिंदी किंवा इंग्रजी.

'कात्रजचा घाट दाखवणे' दिलेल्या मुलीने महेश्वर काढलं. नर्मदा, दगडी पायऱ्या, मागे किल्ल्याचा बुरूज, आणि एक माणूस दुसऱ्याला बोट करून पायऱ्या दाखवतोय. तिला घाट म्हटलं की नर्मदाच दिसते. बाजूला तिने नावही घातली होती, तिच्यात बसलेली दोन माणसं पिशवीतून काहीतरी खात होती.

'अटकेपार झेंडे लावणे' हे एका मुलाला मिळालं. त्याने पोलीस ठाणं काढलं. गज, गजांमागे चेहरा, आणि मागच्या भिंतीच्या पलीकडे फडकणारा भगवा. अटक म्हणजे अटक! सिंधूकाठचं अटक त्याच्या कानावर कधी आलेलंच नाही. आणि १७५८च्या त्या मोहिमेत रघुनाथरावांबरोबर आपले मल्हारराव होळकर होते. ज्या घराण्याच्या राजवाड्यावरून हा मुलगा रोज शाळेला जातो त्याच घराण्याचा मूळपुरुष. त्या दिवशी चित्र बाजूला ठेवून आम्ही नकाशा उघडून बसलो.

'नाकाने कांदे सोलणे' तर सगळ्यांनाच हवं होतं. सगळ्यात चांगल्या चित्रात एक बाई पाटावर बसून नाकाच्या शेंड्याने कांद्याचं साल ओढतेय आणि डोळ्यांतून निळ्या धारा लागल्यात. उगाच सोवळेपणाचा आव आणणाऱ्याची अशी फजिती मोठ्यांनाही सांगता येणार नाही.

'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' यात बहुतेकांनी आंब्याएवढं झाड काढलं, शिडी लावली, फांद्यांना घाटे लटकवले. एकाच मुलाचं झाड गुडघाभर होतं. त्यावर एक जाडजूड माणूस छाती काढून उभा आणि झाड त्याच्या पायाखाली चपटं. त्याचं आजोळ सांवेरकडचं.

तुमच्याकडचे असे वाक्प्रचार इथे टाका. नुसती यादी नको, चित्र काय दिसतं ते लिहा. हिंदी, माळवी, गुजराती जोडी असेल तर फारच छान. पुढच्या वर्षी जोडीजोडीने चित्रांचे पत्रे करून लावायचे आहेत. मुलांसाठी आहे, तेव्हा कमरेखालचं काही नको.

सांवेरवाला

ताई, तो मुलगा आमच्याकडचाच असणार! आमच्या शेतात दर हिवाळ्यात हरभरा असतो. दीड-दोन फुटांचं झुडूप. त्यावर चिमणी बसली तरी फांदी वाकते. पुस्तकातून वाक्प्रचार शिकलेल्याला 'चढवणे' एवढंच ऐकू येतं, म्हणजे स्तुती करून वर नेणे. शेतकऱ्याला आधी झाड दिसतं. जिथे चढायला जागाच नाही तिथे एखाद्याला चढवलं आणि त्यालाही आपण उंचावर आहोत असं वाटलं, ही खरी गंमत आहे.

आणखी एक. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. काही ठिकाणी पहाटे दवात शेतावरून पांढरं फडकं फिरवतात, ते पिळलं की आंबट पाणी निघतं, पोटदुखीवर जपून ठेवतात. त्यामुळे या झाडावर जो चढेल तो पडेल तर खराच, शिवाय आंबटढोण होऊन घरी येईल. पत्र्यावर हेही काढा.

हिंदीत 'चने के झाड़ पर चढ़ाना' हेच आहे. जिथे चणा पिकतो तिथे हे सुचणारच.

बडोद्याची_सून

माहेर इंदूर, सासर बडोदा, त्यामुळे माझ्याकडे तीन-तीन निघतात.

गुजरातीत भूक लागली की 'पेटमां बिलाडां बोले'. मांजरं! म्हणजे मराठी पोटात कावळे, हिंदी पोटात उंदीर, गुजराती पोटात मांजरं. माझी मुलगी तिन्ही भाषा बोलते. तिचं म्हणणं, मांजरं आली की उंदीर पळतील, मग कावळ्यांना काय मिळणार? ती जेवायला बसली की हाच हिशेब चालतो.

दुसरं याहून मला आवडतं. क्षुल्लक गोष्ट फुगवून सांगितली की आपण 'पराचा कावळा' करतो. गुजराती 'कागनो वाघ' करतात, कावळ्याचा वाघ. दोन्ही जोडून बघा: इंदुरातून एक पीस निघालं, त्याचा कावळा झाला, दाहोदला हद्द ओलांडली आणि बडोद्याला पोचेपर्यंत डरकाळी फोडायला लागला. बातमी अशीच तर प्रवास करते.

तिसरं मुगाचं. आपण 'मूग गिळून गप्प बसतो'. तोंडात मूठभर मूग भरलेले असले की बोलणार कसं, चित्र सरळ आहे. गुजरातीत स्पष्ट न बोलणाऱ्याबद्दल म्हणतात, 'मगनुं नाम मरी पाडतो नथी', मुगाचं नाव मिरी ठेवत नाही. सासूबाईंकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताटात मूग आणि मिरी शोधली होती. मुगासमोर बसून त्याचं बारसं करायला नकार देणारा माणूस आता मला अगदी समोर दिसतो.

पोहेजिलबी

भिया राम मंडळी! धागा एक नंबर.

आमच्या वयाची पोरं मराठीतसुद्धा 'दिमाग का दही' म्हणतात. डोकं म्हणजे सट, कुणीतरी विरजण टाकलंय आणि रात्रभर हलवायचं नाही. 'रायता फैल गया' तसंच. पोह्यांची ताटली सांडली तर गोळा करता येते, रायतं सांडलं की ते टेबलावरून, खुर्चीवरून, सगळ्यांच्या पायापर्यंत जातं. मराठीत याला आपण 'राडा' म्हणतो. राडा म्हणजे मुळात चिखल. पाऊस पडून गेल्यावर अंगणात होतो तो. चौकात दोन गट भिडले की बातमीत 'राडा' येतो, तेव्हा पोलिसांनी पाय घोट्यापासून वर उचलत यावं असंच डोळ्यांपुढे येतं.

'भाड़ में जा' आपण सगळेच म्हणतो, पण भाड पाहिलंय का कुणी? भडभुंज्याची भट्टी. वर मोठी लोखंडी कढई, तीत वाळू. वाळू तापली की मूठभर चणे टाकायचे, लांब दांड्याने हलवायचं, तडतड सुरू झाली की झाऱ्याने काढून चाळायचं. वाळू खाली, फुटाणे वर. म्हणजे ज्याला आपण भाडात पाठवतो तो परत येणार, पण फुटून, कुरकुरीत होऊन. आपलं 'चुलीत जा' यापुढे फारच कोरडं आहे.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून लिहितोय. धागा चांगला आहे, पण मला एक सांगावंसं वाटतं. सगळ्यांनी टाकलेली हिंदी चित्रं बघा: दही, रायतं, चणे, भाड. छातीवर मूग दळणं हेही त्यातच. हिंदीवाल्यांची चित्रं स्वयंपाकघरातून आली. आपली आली घोड्यावरून. 'गाशा गुंडाळणे' घ्या. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. मुक्काम हलला, गाशा गुंडाळला, निघाले. 'ढालगज' म्हणजे निशाण वाहणारा हत्ती, स्वारीत सगळ्यांच्या पुढे. म्हणून चारचौघांत पुढे पुढे करणारी बाई 'ढालगज भवानी'. 'बिनीचा शिलेदार' आघाडीचा, 'बाजारबुणगे' फौजेच्या मागचं लटांबर. 'भाऊगर्दी' पानिपतातली. आज लग्नाच्या पंगतीत भाऊगर्दी होते, पण शब्द १७६१चा आहे. मी राहतो त्या भागाचं नावच लष्कर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीवर वसलेलं. आमच्या घरात हे शब्द ऐकताना टापा ऐकू येतात. मुलांना दही-रायत्यापेक्षा हे काढायला द्या.

रामबागेतली

गाशा आणि ढालगज दोन्ही घेतले. हत्तीवर निशाण, खाली गल्लीतल्या सगळ्या बायका, मुलं तुटून पडतील यावर.

पण स्वयंपाकघर एकट्या हिंदीचं नाही हो, दादा. 'लोणकढी थाप' कुठून आली? लोणी कढवून नुकतं उतरवलेलं तूप लोणकढं. रवाळ, सोनेरी, घरभर वास. खोटं बोलावं तर असं ताजं आणि घमघमीत की ऐकणाऱ्याने भातावर वाढून घ्यावं. शिळी थाप कोण खाणार? मराठी माणसाने खोटेपणाची अशी चव घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं. 'तोंडाला पाने पुसणे' पंगतीतलं आहे: जेवायला बोलावलं, वाढलं काहीच नाही, उष्टं पान तोंडावरून फिरवलं की जेवल्यासारखा दिसला, जा घरी. आणि तुमच्या छातीवरच्या मुगांना आपल्याकडे 'डोक्यावर मिरे वाटणे' आहे. तिथे छातीवर जातं, इथे डोक्यावर पाटा-वरवंटा. मुगाला दळायला वेळ लागतो, मिरी डोळ्यांत उडते. कोणता शेजारी परवडेल ते ज्याने त्याने ठरवावं.

लष्करवाला

लोणकढी मान्य. घोडा मात्र सोडत नाही. 'इथेच तर घोडं पेंड खातं' हे मुलांना द्याच. सगळी फौज निघायला तयार आणि एक घोडं तोबऱ्यात तोंड घालून निवांत पेंड खातंय. काम नेमकं जिथे अडतं तिथे हे घोडं उभं असतं.

कोथरूडहून

नोकरीसाठी इंदूरला आलेय, राजेंद्रनगरात राहते. एक घडलेलं सांगते. कोपऱ्यावरच्या फळवाल्याने विचारलं, "मॅडम, आज ऑफिस नहीं?" मी म्हटलं, "आज डंडी मारी." त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मैंने कब मारी? काँटा आपके सामने है." शेजारच्या काकूंनी मध्ये पडून उलगडा केला. हिंदीत डंडी मारणे म्हणजे तराजूच्या दांडीला बोटाने हलकेच झोल देऊन माप कमी भरणे. पारड्यात सफरचंदं कमी, गिऱ्हाइकाला वाटतं पुरी. तेव्हापासून आमच्या ऑफिसातली दांडीही मला तशीच दिसते: एका पारड्यात पगार, दुसऱ्यात दिवस, आणि दांडीवर एक बोट.

कात्रजबद्दल: मी त्याच बाजूची, त्यामुळे राहवत नाही. १६६३मध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातल्यावर पाठलाग चुकवायला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलले आणि खानाची फौज त्या उजेडामागे धावली, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. पत्र्यावर अंधारा डोंगर आणि चढत जाणारे दिवे काढले तर कोणीही मूल क्षणात समजेल. पण तिचं महेश्वरचं चित्रही ठेवा.

सांवेरवाला

डोंगरातला घाट दाखवायला पुण्याला कशाला जायचं? खंडवा रोडवर भेरूघाट आहे की. तिथून नेऊन आणा एकदा, मग पलिते सांगा.

निवृत्त_मास्तर

उशिरा आलो, पण दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली 'पोबारा'. सारीपाटावर तीन फासे टाकले आणि एकावर एक, दोहोंवर सहा-सहा पडले की ते पौबारा. पौ म्हणजे एक, बारा म्हणजे बारा. मोठं दान. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणे, मराठीत 'पोबारा करणे' म्हणजे पळ काढणे. फासे तेच, दान तेच. हिंदी गडी दान पडल्यावर मांडी घालून हसत बसतो, मराठी गडी सोंगटी उचलून दाराबाहेर. इंदुरात एकाच ओसरीवर दोघे खेळायला बसले तर काय होईल ते मुलांना काढायला सांगा.

दुसरी 'ससेमिरा'. "मागे चौकशीचा ससेमिरा लागला" असं आपण रोज वाचतो. कुणाला ससा दिसतो, कुणाला मिरा नावाची बाई. मी शिकवत असताना मुलं ससाच काढायची. गोष्ट आहे विक्रमाच्या सिंहासनाच्या कथांमधली, आणि विक्रम म्हणजे आपल्या शेजारच्या उज्जैनचा, म्हणून ती इथे सांगायलाच हवी.

एक राजपुत्र शिकारीत चुकला. वाघ मागे लागला, हा झाडावर चढला. झाडावर आधीच अस्वल होतं. ते म्हणालं, भिऊ नकोस, माझ्या आश्रयाला आलास. रात्री अस्वलाने त्याला मांडीवर झोपवलं. खालून वाघ म्हणाला, माणूस आहे तो, टाक खाली. अस्वलाने टाकलं नाही. मग अस्वल झोपलं आणि राजपुत्र जागा राहिला. वाघ त्यालाही तेच म्हणाला. त्याने अस्वलाला ढकललं. अस्वलाने फांदी पकडली, खाली पडलं नाही, पण शाप दिला. राजपुत्राला वेड लागलं. घरी आला तो एकच बोलत राहिला: ससेमिरा, ससेमिरा. वैद्य हरले, मांत्रिक हरले.

शेवटी पडद्याआडून कुणी जाणत्याने एक श्लोक म्हटला. त्याचं पहिलं अक्षर 'स': 'सद्भावप्रतिपन्नानां', विश्वासाने जवळ आलेल्याला फसवण्यात कसली हुशारी? श्लोक संपला आणि राजपुत्राच्या तोंडून 'स' गळाला. आता तो 'सेमिरा' म्हणू लागला. दुसरा श्लोक 'से'ने सुरू, त्यात सेतू, रामेश्वरी जाऊनही मित्रद्रोह्याचं पाप धुतलं जात नाही. 'मिरा' उरलं. तिसरा 'मि', मित्रद्रोही. 'रा' उरलं. चौथा 'रा'ने सुरू, राजाला उद्देशून, दान कर, धर्म कर. तो संपला आणि मुलगा शुद्धीवर आला.

अक्षर न अक्षर सुटेपर्यंत जे पाठ सोडत नाही, ते ससेमिरा. वर्गात मी चार मुलांना चार अक्षरं देत असे. एक श्लोक झाला की एक मुलगा खाली बसायचा. त्या वर्गातली मंडळी आज पन्नाशीला आली असतील, पण हा शब्द ती विसरली नसतील अशी माझी खात्री आहे.

पोहेजिलबी

मास्तर, साष्टांग. मी आत्तापर्यंत ससाच बघत होतो.

आणि एक विचारायचं राहिलं. इंदूरच्या पेपरात रोज 'अड़ीबाजी' येतं, वाटेत अडवून पैसे उकळणं. हे आपल्या 'आडकाठी'चंच भावंड वाटतं. रस्त्यात आडवी टाकलेली काठी स्वच्छ दिसते.

निवृत्त_मास्तर

अडणे, अडवणे, आड, आडकाठी, सगळं एकाच घरातलं. पण ताईंनी मुलांसाठी म्हटलंय, तेव्हा आडकाठी घ्या, अड़ी राहू द्या.

लष्करवाला

ससेमिऱ्यापुढे माझा घोडा थकला. पण मास्तर, एक शंका. एवढं समजावून सांगितल्यावर वाक्प्रचाराची धार जात नाही का? आम्ही न समजताच बोलत आलो आणि बरोबर बोललो.

निवृत्त_मास्तर

आपण घरात ऐकून बोलत आलो, दादा. आजोबा म्हणायचे, आजी म्हणायची, दिवसाकाठी पाच-पन्नास वाक्प्रचार कानावरून जायचे, अर्थ आपोआप मुरायचा. या मुलांना मराठी संध्याकाळी तासभर ऐकायला मिळते. त्या तासात मुरायला वेळ नाही. चित्र एकदा पाहिलं की वाक्प्रचार घेऊनच जातात, दुसऱ्या दिवशी शाळेत हिंदीत सांगतात. परवा नातू मित्राला समजावत होता, "हमारी मराठी में ना, नाक से प्याज छीलते हैं." मित्र घरी येऊन विचारून गेला.

बडोद्याची_सून

मास्तरांशी पूर्ण सहमत. माझी मुलगी मराठी वाचत नाही, पण 'पराचा कावळा' ती तिच्या गुजराती मैत्रिणींना शिकवून आली. त्या बदल्यात 'कागनो वाघ' घेऊन आली.

रामबागेतली

ठरलं मग. पहिल्या रांगेत तीन पोटं: कावळे, उंदीर, मांजरं. दुसऱ्या रांगेत पीस, कावळा, वाघ, मध्ये इंदूर-दाहोद-बडोद्याचा रस्ता. भाड आणि चूल शेजारी-शेजारी, भाडातून बाहेर येणारे फुटाणे हसरे. गाशा, ढालगज आणि पेंड खाणारं घोडं लष्करवाल्यांच्या नावाने एकत्र. महेश्वरचं चित्र आणि पलित्यांचं चित्र एका पत्र्यावर. ससेमिऱ्याला चार पत्रे, एकेका अक्षराचा एक, आणि ते कसे उलटायचे हे मुलांना शिकवायला मास्तरांनी एक रविवार द्यावा ही विनंती. हरभऱ्याचं झाड सांवेरवाल्यांनी जानेवारीत उपटून आणावं, मुळासकट, घाट्यांसकट. ते आम्ही चित्राशेजारी बांधणार आहोत.

सांवेरवाला

आणतो. डहाळे जास्तच आणतो, भाजून खायला.